आधी तिकीट, मग नोट: कोरीव छपाईच्या जुन्या नोटा जमवू पाहणाऱ्या खान्देशातल्या नवख्यांसाठी

जुनी नोट हाती लागली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हिचे किती येतील?" जळगावच्या सराफ बाजारात दाखवा, धुळ्याच्या आग्रा रोडवर दाखवा, नाहीतर घरातल्या काकांना दाखवा, बोलणं भावापासूनच सुरू होतं. माझं सांगणं असं की भाव नंतर, रेघ आधी. ज्याला कोरलेली रेघ ओळखता येते त्याला अस्सल नोट, नकली नोट आणि इस्त्री मारून चकचकीत केलेली नोट यांतला फरक कळतो. आणि ही नजर तयार करायची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे टपाल तिकिटं.

आपल्या भागात नोटांचे मोठे लिलाव होत नाहीत. नाशिक, पुणे, मुंबई किंवा इंदूर गाठावं लागतं. त्यामुळे नवखा माणूस मोबाइलवरच्या जाहिरातींवर विसंबतो आणि पैसे घालवून बसतो. तसं होऊ नये म्हणून हा क्रम लिहून ठेवतो आहे. पायऱ्या याच क्रमाने चढा. घाई करून चौथ्या पायरीवर उडी मारलीत तर पहिलीला परत यावंच लागतं.

१. खिशातल्या नोटेवर बोट फिरवा

नव्या मालिकेतली पाचशेची एक नोट घ्या आणि शेजारी दहाची ठेवा. डोळे मिटून गांधीजींच्या चित्रावरून बोटाचं टोक हलकेच फिरवा. पाचशेच्या नोटेवर बारीक खरखर लागते, दहाच्या नोटेवर ती लागत नाही. या मालिकेत रिझर्व्ह बँक ही उठावाची छपाई शंभर आणि त्यावरच्या नोटांवर करते. हीच कोरीव छपाई, म्हणजे इंटॅग्लिओ.

यात धातूच्या पत्र्यावर चित्र उलटं आणि खोलगट कोरलेलं असतं. पत्र्यावर शाई फासतात, वरची शाई पुसून टाकतात, आणि नांगराच्या तासात पाणी साचावं तशी शाई फक्त कोरलेल्या रेघांत उरते. मग प्रचंड दाबाखाली कागद त्या रेघांत शिरतो आणि शाई उचलून घेतो. म्हणून छापलेली रेघ कागदावर थोडी उभी राहते. रेघ जितकी खोल कोरली असेल तितकी शाई जाड आणि रंग गडद.

आता दहापट भिंगातून बघा. तीन प्रकारच्या छपाया वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत:

- कोरीव छपाई: रेघा सलग, कडा स्वच्छ, जाडी जागोजागी बदलती. चेहऱ्यावरची सावली बारीक रेघांनी आणि मधल्या टिंबांनी केलेली. मोबाइलचा टॉर्च नोटेला जवळजवळ समांतर धरला की शाईची स्वतःची सावली पडते.
- सपाट छपाई, म्हणजे लिथो किंवा ऑफसेट: शाई कागदाच्या पातळीतच. फोटोवरून काढलेली नक्कल असेल तर रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते. जुन्या नोटेवर अशी जाळी दिसली की तिथेच थांबा.
- ठशाची छपाई, म्हणजे लेटरप्रेस: अक्षराच्या कडेला शाई दाबून बाहेर सरकल्यासारखी गडद किनार, आणि कधीकधी कागदाच्या मागच्या बाजूला उठाव. नोटांचे नंबर बहुधा असे छापलेले असतात.

आठवडाभर दिसेल तो कागद असा तपासा. स्टॅम्प पेपर, लग्नपत्रिका, जुनी शेअर सर्टिफिकेटं, काहीही चालेल.

२. तिकिटांकडे वळा, कारण ती नोटांच्याच कारखान्यातून आली

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या.

जेकब पर्किन्स हा मॅसॅच्युसेट्समधला अमेरिकन कारागीर. बँकांच्या नोटांची नक्कल होऊ नये म्हणून तांब्याऐवजी पोलादावर कोरीव काम करण्याची पद्धत त्याने पक्की केली. नरम पोलादाच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, तो तुकडा कडक करायचा, त्यावरून नरम पोलादी रूळ दाबत फिरवून चित्र रुळावर उचलायचं, रूळ कडक करायचा आणि मग तोच रूळ मोठ्या पत्र्यावर पुन्हापुन्हा दाबायचा. एकदा कोरलेलं चित्र हवं तितक्या वेळा, तंतोतंत सारखं उमटवता येऊ लागलं. १८१९ साली पर्किन्स इंग्लंडला गेला तो बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांचं काम मिळेल या आशेने. ते काम त्याला मिळालं नाही, पण त्याच्या कंपनीने इतर बँकांच्या नोटा छापल्या.

पुढे १८४० साली ब्रिटिश टपाल खात्याला चिकटवायचं तिकीट हवं होतं आणि भीती तीच होती, नकलेची. काम पर्किन्स, बेकन अँड पेच या कंपनीला मिळालं. पेनी ब्लॅक हे जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट म्हणजे नोटांच्या कारागिरीचा छोटा तुकडा आहे. राणी व्हिक्टोरियाचं डोकं चार्ल्स आणि फ्रेडरिक हीथ यांनी कोरलं. तिच्यामागची जाळीदार नक्षी नोटांवर वापरायच्या यंत्रावर काढलेली. राणीचा चेहरा निवडला त्यामागेही नोटांचाच विचार होता: चेहऱ्यातला किंचित बदलही माणसाच्या डोळ्याला चटकन खटकतो. एका पत्र्यावर २४० तिकिटं, वीस ओळी आणि प्रत्येक ओळीत बारा, सगळी त्या एकाच मूळ कोरणीतून.

अमेरिकेतही तसंच झालं. १८५८ साली सात छापखाने एकत्र येऊन अमेरिकन बँक नोट कंपनी झाली. १८७० नंतरची अमेरिकन तिकिटं नॅशनल, कॉन्टिनेन्टल आणि अमेरिकन या तीन बँकनोट कंपन्यांनी ओळीने छापली, आणि संग्राहक आजही त्यांना 'बँकनोट इश्यू' याच नावाने ओळखतात. लंडनच्या डी ला रू, वॉटरलो आणि ब्रॅडबरी विल्किन्सन या कंपन्यांनीही नोटा आणि तिकिटं दोन्ही छापली. अगदी अलीकडचं नाव घ्यायचं तर पोलंडमध्ये जन्मलेले आणि स्वीडनमध्ये काम केलेले चेस्लाव स्लानिया. त्यांनी हजारांहून जास्त तिकिटं कोरली आणि अनेक देशांच्या नोटांवरचे चेहरेही कोरले. त्यांचं एखादं स्वीडिश तिकीट शंभरदीडशे रुपयांच्या आत मिळतं. ते भिंगाखाली धरा, मग त्या पातळीची नोट घ्यायला किती लागतील ते विचारा. मी तिकिटांपासून सुरुवात करा असं का म्हणतो ते लगेच कळेल.

आपल्यासाठी याहून जवळचं उदाहरण आहे. आग्रा रोडने सरळ वर गेलं की इंदूर. होळकर संस्थानाची १९०४ पासूनची, महाराजा तुकोजीरावांचं चित्र असलेली तिकिटं पर्किन्स बेकनने कोरीव छपाईने काढली. कोचीनच्या राजांची १९११ ची तिकिटंही त्याच कंपनीची. यातली साधी, वापरलेली तिकिटं आजही स्वस्त आहेत. पेनी ब्लॅकच्या कारखान्यातली कोरणी एवढ्या कमी पैशांत दुसरीकडे हाती लागत नाही. पहिली खरेदी हीच करा.

त्यांच्या शेजारी ब्रिटिश भारताचं एक आण्याचं साधं तिकीट ठेवून बघा. ते कोरीव नाही, ठशाच्या छपाईचं आहे. दोन्ही भिंगाखाली आलटून पालटून धरलीत की वाचून न कळणारा फरक कळतो.

स्वस्त, कोरीव आणि वापरलेल्या तिकिटावर एक प्रयोगही करता येतो. तिकिटावर पातळ अॅल्युमिनियम फॉइल ठेवा आणि वरून रबराने हलकेच घासा. कोरीव तिकिटाचा उठाव फॉइलवर उमटतो. नोटेवर किंवा महागाच्या तिकिटावर हा प्रयोग अजिबात नको.

३. साहित्य

- दहापट भिंग. वीसपट असल्यास उत्तम, पण दहापटाशिवाय काम सुरू करू नका.
- टोकं चपटी असलेला तिकिटांचा चिमटा. भुवयांचा चिमटा तिकीट कापतो.
- अतिनील टॉर्च, ३६५ नॅनोमीटरचा. साधारण १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत चमक आणणारं रसायन असतं, तो कागद या प्रकाशात निळसर-पांढरा चमकतो. १९२० ची म्हणून दाखवलेली नोट तशी लखलखली तर कागद त्या काळचा नाही.
- मिलिमीटरची पट्टी.
- तिकिटांसाठी काळ्या पानांचं स्टॉकबुक, म्हणजे पट्ट्यांमागे तिकिटं सरकवून ठेवायचा अल्बम.
- नोटांसाठी पॉलिएस्टरची पाकिटं. बाजारात ती मायलार म्हणून मागा. पीव्हीसीची नकोत.
- नोंदवही. हिच्याबद्दल शेवटी.

हे सगळं एकदम घ्यायची गरज नाही. भिंग आणि चिमटा पुरेत, बाकी हळूहळू.

४. भारतीय नोटांचा क्रम पाठ करा

सगळ्या जुन्या नोटा कोरीव छपाईच्या असतात अशी समजूत करून घेऊ नका. आपल्या अनेक जुन्या नोटा सपाट किंवा ठशाच्या छपाईच्या आहेत. बोटाला उठाव लागला नाही म्हणून जॉर्ज राजाची नोट नकली ठरवून परत देणारे लोक मी पाहिले आहेत. कोणत्या काळात काय छापलं जात होतं हे माहीत हवं.

कागदी चलनाचा कायदा १८६१ चा. त्यानंतर व्हिक्टोरिया राणीचं छोटं चित्र असलेल्या, एकाच बाजूला छापलेल्या नोटा आल्या आणि त्या इंग्लंडहून छापून येत. १८६७ पासून त्यांची जागा रंगीत पार्श्वछपाईच्या नोटांनी घेतली. या नोटा मंडळवार, म्हणजे चलनाच्या विभागांनुसार, काढल्या जात: मुंबई, कलकत्ता, मद्रास वगैरे. मुंबई मंडळाखाली आपल्या शेजारचं अकोलाही होतं, आणि अकोल्याचं नाव असलेली नोट आज दुर्मिळ समजली जाते. नवख्याने ती संग्रहालयात बघावी, विकत घेण्याचा विचार करू नये.

याच काळात नोट आणि टपाल यांचं एक थेट नातं जुळलं. टपालाने पैसे पाठवताना चोरी होऊ नये म्हणून लोक नोट मधोमध कापत. अर्धी आधी पाठवायची, ती पोचल्याचं पत्र आलं की उरलेली अर्धी. पोचल्यावर दोन्ही तुकडे जोडून नोट वठवायची. नंबर दोन ठिकाणी छापलेला असल्याने दोन्ही अर्धे जुळवता येत. म्हणून त्या काळातली मधोमध जोडलेली नोट दिसली तर फाटकी म्हणून बाजूला टाकू नका, ती टपालाच्या इतिहासाचाही पुरावा आहे. दोन्ही बाजूंचे नंबर जुळतात का एवढं मात्र बघा.

पहिल्या महायुद्धात चांदी कमी पडली तेव्हा १९१७ च्या शेवटी एक रुपयाची नोट आली. ती २५ नोटांच्या पुस्तिकेतही मिळे, त्यामुळे एका कडेला फाडल्याच्या खुणा असू शकतात. पाठोपाठ अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची नोट आली. या दोन्हींच्या नकला बाजारात फिरतात.

मग येतो नाशिकचा टप्पा. १९२५ पर्यंत आपली तिकिटं मुख्यतः लंडनच्या डी ला रू कंपनीत छापली जात. नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभी राहिली, आधी तिकिटं आणि १९२८ पासून पाच रुपयांच्या नोटेपासून नोटा तिथे छापू लागल्या. १९३२ पर्यंत सगळ्या किमतींच्या नोटा तिथेच होऊ लागल्या. भुसावळहून मुंबईला जाताना ज्या नाशिकरोड स्टेशनावर आपण चहा घेतो तिथून जवळच हे सगळं घडत होतं. टपाल खात्याने १९७५ साली या प्रेसच्या सुवर्णमहोत्सवाचं तिकीट काढलं. ते आपल्या अल्बमच्या पहिल्या पानावर शोभेल. प्रेस मात्र बाहेरून बघूनच पुढे जा, आत फिरायची ती जागा नव्हे.

रिझर्व्ह बँक १९३५ ची, तिची पहिली नोट जानेवारी १९३८ ची: पाच रुपये, सहावा जॉर्ज, सही जे. बी. टेलर यांची. त्यांच्यानंतर १९४३ ते १९४९ चिंतामणराव देशमुख, पहिले भारतीय गव्हर्नर. देशमुखांची सही असलेली जॉर्ज राजाची दोन, पाच किंवा दहाची नोट ही नवख्याने घ्यायची पहिली जुनी भारतीय नोट, असं माझं स्पष्ट मत आहे. मराठी वाचकाला तिचं अगत्य वाटतं, ती मिळते आणि मध्यम अवस्थेत परवडते. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी आपल्या नोटांच्या हुबेहूब नकला काढल्या. त्यामुळे वॉटरमार्कमधला राजाचा बाजूने दिसणारा चेहरा बदलून समोरचा केला गेला आणि नोटेत सुरक्षा धागाही आला. नोट उजेडासमोर धरा आणि कोणता चेहरा दिसतो ते नोंदवा.

स्वतंत्र भारताची अशोकस्तंभाची एक रुपयाची नोट १९४९ ची. त्यापुढच्या दोन रुपयांसारख्या नोटांवर सुरुवातीच्या हिंदी मजकुरात 'रुपया' आणि नंतर 'रुपये' असे दोन्ही प्रकार सापडतात, तेही स्वस्तात.

५. दोन्ही अल्बमांत बसेल असा एक विषय धरा

जे दिसेल ते घेत गेलात तर पैसे संपतात आणि संग्रह होत नाही. तिकीट आणि नोट यांची जोडी लागेल असे काही विषय सुचवतो.

*नाशिकच्या जोड्या.* फाळणीनंतर पाकिस्तानकडे स्वतःचा छापखाना नव्हता. सहाव्या जॉर्जच्या भारतीय तिकिटांवर नाशिकलाच 'पाकिस्तान' अशी अक्षरं छापून ती १ ऑक्टोबर १९४७ ला निघाली. नोटांवरही तसंच पाकिस्तान सरकारचं नाव छापून त्या १ एप्रिल १९४८ पासून चालू झाल्या. बर्मा १ एप्रिल १९३७ ला वेगळा झाला तेव्हाही भारतीय तिकिटांवर देशाचं नाव आणि नोटांवर 'फक्त बर्मात ग्राह्य' अशा अर्थाची ओळ छापली गेली. आखाताचं उदाहरण थोडं वेगळं आहे. कुवेत, बहरीनमध्ये नाव छापलेली भारतीय तिकिटं चालत, आणि १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, नंबराआधी 'झेड' अक्षर असलेल्या नोटा आणि हज यात्रेकरूंसाठी 'एचए' अक्षरांच्या नोटा काढल्या. यातली तिकिटं आधी घ्या, ती स्वस्त आहेत. नोटा महाग आहेत आणि त्यांवरची छापलेली अक्षरं नकली असू शकतात.

*तिकीटच चलन झालं तेव्हा.* अमेरिकन यादवी युद्धात लोकांनी नाणी दडवून ठेवली. तेव्हा १८६२ साली सरकारने टपाल तिकिटांचीच चित्रं असलेल्या पाच, दहा, पंचवीस आणि पन्नास सेंटांच्या छोट्या नोटा काढल्या. काहींना तिकिटांसारखी भोकंही होती. रशियात १९१५ साली रोमानोव्ह घराण्याची तिकिटं जाड कागदावर छापली आणि मागे 'चांदीच्या चिल्लरीच्या बरोबरीने चालेल' अशा अर्थाचा मजकूर घातला. ही रशियन तिकिटं अजून स्वस्त आहेत आणि ती कोणत्या अल्बमात लावायची यावर तुम्हाला दोन्हीकडचे लोक आपापलं मत देतील. लाटव्हियात उलट झालं: पहिल्या महायुद्धानंतर कागदच नव्हता, म्हणून आधी जर्मन लष्करी नकाशांच्या आणि मग अर्धवट छापलेल्या नोटांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिकिटं छापली. तिकीट उलटं केलं की मागे नोटेचा तुकडा दिसतो.

*नुसत्या कोरणीसाठी.* रशियाच्या १९१० च्या शंभर रूबलवर महाराणी कॅथरीन आहे आणि १९१२ च्या पाचशे रूबलवर झार पीटर. नोट वीतभराहून लांब. क्रांतीनंतर तिचं मोल गेलं, म्हणून ती मोठ्या संख्येने उरली आणि आजही आवाक्यात आहे. मोठा कोरलेला चेहरा निवांत अभ्यासायला याहून चांगली वस्तू नवख्याला मिळणार नाही.

६. घरात आणि गावात शोधा

खान्देशातल्या जुन्या घरांत नोटा सापडतात त्या बहुधा तीन ठिकाणी: चोपड्यांच्या पानांत, देवघराच्या डब्यात आणि आजीच्या पेटीत. लक्ष्मीपूजनाला ठेवलेल्या नोटांवर हळदकुंकवाचे डाग असतात. ते पुसू नका, धुऊ नका. डाग असलेली नोट धुतलेल्या नोटेपेक्षा केव्हाही बरी, कारण धुतल्यावर कागदाचा कडकपणा जातो तो परत येत नाही.

बंडलाच्या टाचणीची किंवा स्टेपलची भोकं दिसली तर घाबरू नका. आपल्या बँका २००१ च्या सुमारापर्यंत गड्ड्या स्टेपल करत. रिझर्व्ह बँकेने तेव्हा ती पद्धत बंद करायला लावली. त्याआधीच्या भारतीय नोटेला भोकं असणं स्वाभाविक आहे. उलट पन्नास वर्षांच्या वापरलेल्या नोटेला एकही भोक नसेल तर भिंगाने जास्त बारकाईने बघा, भोकं कागदाच्या लगद्याने बुजवलेली असू शकतात.

नोटा मिळाल्या नाहीत तरी हुंड्या मिळतील. कापसाच्या व्यापारामुळे जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगावच्या जुन्या पेढ्यांत राजा-राणीचा छाप असलेले हुंडीचे मुद्रांकित कागद पडून असतात. त्यांवर सरकारी मुद्रांक असतो म्हणून ते तिकीटवाल्यांचे, आणि ते पैशासारखे हातोहात फिरायचे म्हणून नोटवाल्यांचेही. आपल्या भागातल्या संग्राहकाने हा विषय धरायला हवा असं मला मनापासून वाटतं. बाहेरच्या माणसाला मोडी वाचून दाखवणारे आजोबा आणि पेढीचं नाव ओळखणारे शेजारी कुठून मिळणार? जुने लिफाफे बघताना पत्त्यात पूर्व खान्देश किंवा पश्चिम खान्देश आहे का तेही बघा. जिल्ह्याचे हे दोन भाग १९०६ साली झाले, त्यावरून लिफाफ्याचा काळ अंदाजता येतो.

"हाई रद्दी शे, ली जा भाऊ," असं म्हणून कोणी अख्खी पेटी पुढे केली तरी आधी काय आहे ते त्यांना नीट सांगा आणि योग्य मोल द्या. हुंडीवर घरांची नावं आणि देणीघेणी असतात. विचारल्याशिवाय त्यांचे फोटो कुठेही टाकू नका.

७. विकत घेताना

*जाहिरातीचा सापळा.* 'ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट द्या, लाखो घ्या', '७८६ नंबर असेल तर फोन करा' या जाहिराती फसवणुकीच्या असतात. फोन केला की आधी नोंदणी फी, मग कर, मग रिझर्व्ह बँकेचं म्हणून एखादं बनावट पत्र. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कोणतंही कमिशन किंवा शुल्क मागत नाही. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे असा धंदा खऱ्या बाजारात नसतो.

*इस्त्रीचा सापळा.* नवख्यांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. नोटेची किंमत तिच्या अवस्थेवर ठरते. कोरी करकरीत नोट आणि दोनतीन घड्यांची नोट यांच्या भावात कित्येक पटींचा फरक असतो. म्हणून काही जण घडीची नोट दमट करून दाबतात आणि कोरी म्हणून विकतात. पहिल्या दोन पायऱ्यांवर तयार झालेलं बोट इथे उपयोगी पडतं: कोरीव नोट दाबली की शाईचा उठाव बसतो. नोट दिसते नवी, पण हाताला मेलेली लागते. टॉर्च आडवा धरलात की घडीची रेघ शाईत तुटलेली दिसते.

*पाकिटाचा सापळा.* पीएमजीसारख्या कंपन्या नोट तपासून सत्तरपैकी गुण देतात आणि पारदर्शक पाकिटात बंद करतात. पाकिटावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो समोरच्या नोटेशी जुळवा, कारण पाकिटंही नकली निघतात.

नवख्याने मध्यम अवस्थेची नोट घ्यावी: घड्या आहेत, पण कागद कडक, कडा शाबूत, चेहरा स्वच्छ. पावती घ्या, तीवर नोटेचा नंबर लिहून घ्या, आणि नोट नकली निघाल्यास परत घेणार का ते आधी विचारा. चांगला व्यापारी या प्रश्नाने चिडत नाही.

खरेदीआधी अस्सल वस्तू बघायच्या तर मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे आणि बंगळुरूमध्ये फक्त भारतीय कागदी चलनाचं रिझवान रझाक यांचं संग्रहालय.

८. कायदा आणि कागदपत्रं

- २०१६ साली बंद झालेल्या पाचशे आणि हजारच्या नोटा: २०१७ च्या कायद्याने कोणालाही एकूण दहापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी ही मर्यादा पंचवीस. जास्त सापडल्यास दहा हजार रुपये किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, यांतली मोठी रक्कम दंड. 'हौसेने' बंडल जपून ठेवू नका.
- शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंधन आहे. जुनी नोट परदेशातल्या मित्राला टपालाने पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.
- लिलावात नाव नोंदवताना ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि पॅन मागतात. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतोच. बोलीच्या रकमेवर लिलावगृहाचं कमिशन आणि जीएसटी चढतो, तो आधी हिशेबात धरा.
- नवी तिकिटं घरी यावीत म्हणून टपाल खात्यात फिलाटेलिक डिपॉझिट खातं निघतं. किमान दोनशे रुपये, फॉर्म आणि ओळखपत्र. आपल्या मुख्य डाकघरात विचारा, कोणत्या ब्युरोत खातं निघेल ते सांगतील.

९. आपल्या हवेत जपणूक

जळगाव-भुसावळचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो आणि लगेच पावसाळा लागतो. कागदाला यातला एकेकटा त्रास कमी, बदल जास्त बाधतो. माळवदावरच्या किंवा पत्र्याखालच्या खोलीतलं लोखंडी कपाट नको. खालच्या मजल्यावरचं, पश्चिमेच्या भिंतीला न टेकलेलं लाकडी कपाट बरं. कूलरच्या वाऱ्यात अल्बम उघडू नका, त्या हवेत पाणी असतं आणि न वापरलेल्या तिकिटांचा गोंद पानाला चिकटतो.

लॅमिनेशन, सेलोटेप, फेव्हिकॉल यांपैकी काहीही नोटेला लागता कामा नये. पीव्हीसीची पाकिटं उष्णतेने चिकट होतात आणि शाई ओढून घेतात. वास येणारं मऊ प्लास्टिक दिसलं की बाजूला ठेवा. कडुलिंबाचा पाला पानांत घालू नका, डाग पडतात. डांबरगोळ्याही पाकिटांना चिकटून नकोत. सिलिका जेलच्या पुड्या कपाटात ठेवा, अल्बम उभे लावा, पावसाळ्यात महिन्यातून एकदा पानं उलटा आणि कसर लागली आहे का ते बघा. जुना कागद पिढ्यान्पिढ्या कसा सांभाळतात हे बघायचं तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन या.

१०. नोंदवही

प्रत्येक नोटेसाठी आणि महत्त्वाच्या तिकिटासाठी एक ओळ: काय आहे, साल, नंबर आणि त्याआधीची अक्षरं, कोणाची सही, छपाईचा प्रकार, वॉटरमार्क, दोष, कुठून आणि कितीला घेतली, पावती कुठे आहे. घरात सापडलेली वस्तू असेल तर कोणाची होती आणि कशात सापडली ते जरूर लिहा. नोंदवही कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला दाखवून ठेवा. आणि लिहायचं ते सगळं वहीत. नोटेवर किंवा तिकिटाच्या मागे पेन्सिलनेसुद्धा काही लिहू नका.